मागच्या दारावरची पाचवी

मी स्टेपनी बोलतेय. तीच, जीपच्या मागच्या दारावर बोल्टांनी आवळलेली. गाडी पुढं निघून जाते आणि मी तुमच्याकडं बघत राहते. तुम्ही माझ्याकडं कधी बघता? माझ्या धुळीवर बोटानं कुणाचं तरी नाव लिहायचं असलं की! तेवढ्यापुरती माझी आठवण. असो. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

कारखान्यात आम्ही पाच बहिणी एकाच साच्यातून निघालो. तापल्या लोखंडानं अंगावर नक्षी उमटवली, बाजूवर आकडे ठोकले आणि आम्हाला बाहेर ढकललं. चौघी खाली लागल्या, मी मागं टांगली गेले. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कुणास ठाऊक. पाचजणींत फरक सुईच्या टोकाएवढाही नव्हता.

मागं टांगलेलीला पुढचं दिसत नाही. वाट येते कुठून हे मला कधी कळलं नाही, जाते कुठं तेवढं कळलं. शाळा म्हणाल तर हीच. बहिणींच्या नक्षीचा माग मातीत उमटायचा आणि मी तो वाचायची. कोणती बहीण कुठं दबली, कोणती घसरली, कुणाची एक बाजू झिजत चालली, सगळं त्या मातीत लिहिलेलं असायचं. चालवणाऱ्याला ते दिसत नाही, तो पुढं बघतो. पण पुढं काय असतं, याचं कुतूहल मला जन्मभर राहिलं. लोक सारखे पुढंच का बघतात? तिकडं असं आहे तरी काय?

आमची मालकीण सगुणाबाई. नाशिकहून दिंडोरीच्या बाजूला निघालं की एक ओढा लागतो. त्या ओढ्यापलीकडं तिचा फुलांचा मळा आहे, झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. दावणीतली शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिनं जीप घेतली. जीपला ती जनावरासारखीच वागवायची. सकाळी बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "ऊठ गं, आवर." पोळ्याला तिच्या चार चाकांना कुंकू लावायची, पुरणपोळीचा घास चाकापुढं ठेवायची. मला मात्र नाही. सून मनीषानं एकदा विचारलं, "आत्या, हिला नाय लावत कुंकू?"

"बैलाला पाचवा खूर असतो का गं?" म्हातारी म्हणाली.

पण मला जपायची मात्र खूप. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ती ठेवायची असते. पेटीत कोरं लुगडं, फळीवर कोरं पातेलं, आणि दारावर कोरी मी. खालच्या बहिणींपैकी कुणी पंक्चर झाली की मनीषा पाना काढायची आणि म्हातारी ओरडायची, "नवीला हात लावू नका! अडीनडीला लागंल ती. हवा भरा, हळू हळू न्या, नाक्यावर काढू पंक्चर." असं करत चौघी बहिणी झिजून गुळगुळीत झाल्या, आणि माझी नक्षी जशीच्या तशी. मला त्याचा कोण गर्व! ऊन लागलं, थंडी लागली, वर्षं गेली, तरी मी स्वतःला कोरीच समजत होते.

आता भांडण कशावरून झालं ते सांगते.

मळ्यातून बाजाराला जायचं तर आधी आमच्या वस्तीची मातीची वाट. मग ओढा. ओढ्यात सिमेंटची उतरती फरशी, वरून पाणी वाहतं. फरशी ओलांडली की काळ्या चिकण मातीचा चढ, आणि त्यानंतर थेट नाशिकपर्यंत गुळगुळीत डांबर. म्हणजे एकाच सकाळी चाकाला माती, शेवाळ, चिखल आणि डांबर, सगळ्यांशी जुळवून घ्यायचं. माणसांना एका घरात जुळवून घेता येत नाही, आणि आमच्याकडून ही अपेक्षा!

बाजारात सगुणाबाईची बसायची एक जागा होती. मोक्याची, देवळाकडून येणाऱ्या माणसाची पहिली नजर पडेल अशी. तिनं ती जागा तरुणपणी भांडून मिळवली होती आणि गुडघे दुखायला लागल्यावर सुनेला दिली. उजाडायच्या आत मनीषा तिथं पोचली नाही, तर शेजारचा पुंजाराम आपल्या टोपल्या हळूच अलीकडं सरकवायचा. दोन-चार दिवस सरकवू दिलं की जागा त्याची. तिथला कायदा तसाच आहे.

यंदा आषाढात जीप ओढ्यापलीकडच्या चढावर अडकली. मी बघत होते. बहिणींनी जोर लावला, पण त्यांच्या अंगावर नक्षीच उरली नव्हती. माती त्यांना धरेना आणि त्या मातीला धरेनात. मागं मागं घसरत जीप बांधाला टेकली. फुलं जागच्या जागी काळी पडली. सलग काही दिवस हेच झालं, आणि पुंजारामच्या टोपल्या निम्म्या जागेवर आल्या.

सगुणाबाईचा मुलगा, मनीषाचा नवरा दीपक नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला आहे. कपडे पांढरे, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "आई, पुरे झालं. जीप विकू, एक छोटी गाडी घेऊ. फुलं पुंजारामच्या टेंपोत घाला, तो विकून देईल."

"त्याच्या टेंपोत घातली की भाव त्याच्या तोंडचा," मनीषा म्हणाली. "आणि माझी जागा?"

"जागेचं काय घेऊन बसलीस?"

"बसायलाच तर घेतलीय!" सगुणाबाई चुलीपासून ओरडली. "तू खुर्चीवर बसतो, ते चालतंय. ती टोपलीमागं बसली तर तुला लाज वाटती का रं?"

दीपक लाजलाही नाही आणि चिडलाही नाही. म्हणाला, "बरं. टायर बदला, पोळ्यापर्यंत बघा. पोळ्याच्या बाजाराला जीप ओढ्यात अडकली, की विकायची. मग दोघींनी तोंड उघडायचं नाही."

"कबूल," मनीषा म्हणाली. म्हातारीनं चुलीतलं लाकूड जोरात आत सारलं. तिला तोंड न उघडण्याची अट पचनी पडत नव्हती.

आता टायर घ्यायचे कोणते? ज्याला त्याला मत होतं. दीपक म्हणाला, रस्त्याचे घ्या, गुळगुळीत चालतात, आवाज नाही, डिझेल कमी लागतं. त्याचा चुलतभाऊ सावळीराम मोठ्या ढेकळांसारख्या नक्षीचे चिखलाचे टायर लावून हिंडायचा. तो म्हणाला, "वहिनी, असले घ्या. भिंतीवर चढंल जीप!"

"भिंतीवर नाय चढायचं मला, बाजारात जायचंय," मनीषा म्हणाली.

पण तिनं कुणाचंच झटकून टाकलं नाही. ही पोरगी मला आवडते ती यासाठी. तिला जे कळत नाही त्याच्या ती मागं लागते. बाजारात फुलं संपली की ती उभ्या असलेल्या गाड्यांमधून फिरायची. वाकून नक्षीत अंगठा घालायची, चालवणाऱ्यांना विचारायची, कुठून येता, मातीचा रस्ता किती, ब्रेक लागतो का पावसात. लोक हसायचे. एकजण म्हणाला, "बाई, फुलं विकता का टायर?" ही म्हणाली, "तुमचा झिजलाय, फूल वाहा त्याच्यावर."

मग एका सकाळी तिनं जे केलं, ते बघून मला आनंदानं फुटावंसं वाटलं. ती ओढ्यापलीकडच्या चढावर गेली आणि मातीतले माग बघू लागली. माझी विद्या! तिथून दूधवाल्याची गाडी गेली होती, सावळीरामची गेली होती, वणीला निघालेल्या यात्रेकरूंचीही एक गेली होती. दूधवाल्याचे रस्त्याचे टायर होते. त्यांचा माग म्हणजे नुसता लिंपल्यासारखा पट्टा. नक्षीत चिखल भरला आणि निघालाच नाही. सावळीरामचा माग खोल, ढेकूळ न् ढेकूळ उपसलेलं. तिसरा माग मधला. नक्षी स्वच्छ उमटलेली, माती धरलेली आणि सोडलेली.

सगुणाबाई काठी टेकत मागून आली. "काय गं, काय हरवलं?"

"माग बघते आत्या. कोण घसरलं, कोण नाय."

म्हातारी वाकली. तिचे डोळे बारीक झाले. "असं बघायचं व्हय? आमचा ढवळ्या घसरला की खूर असा फरपटायचा. ह्यो तसा फरपटलाय." तिनं दूधवाल्याच्या मागावर काठी ठेवली. मग सावळीरामच्या. "ह्यो गडी मातीत दांडगा हाय. पण डांबरावर?"

"डांबरावर भुंग्यासारखा ओरडतो. परवा पावसात ब्रेक दाबला तर थेट कांदेवाल्याच्या गाड्याला जाऊन टेकला. आणि चढापुढची सगळी वाट तर डांबराचीच हाय आपली."

"मंग ह्यो मधला कुणाचा?"

"दोन्हीकडचा टायर म्हणतात त्याला. ऑल-टेरेन. मातीत पहिला नाय यायचा, डांबरावर पण पहिला नाय यायचा. पण दोन्हीकडं नापास नाय होत."

"घरात असं एक माणूस पाहिजे," म्हातारी म्हणाली, आणि दोघी का कोण जाणे खूप हसल्या.

नाशिकात द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात आम्ही गेलो. मनीषानं टायरच्या बाजूवरचे चार आकडे आधी वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं, आणि न वापरता पडून राहिला तरी तो म्हातारा होतोच. शेणखत भरल्यावर किती ओझं झेपेल ते विचारलं. शेवटी रबरात नख रोवून बघितलं. नख रुतलं. नवं रबर जिवंत असतं, ते नख झेलतं.

"चार का पाच?" दुकानदारानं विचारलं.

मनीषा माझ्याकडं आली. मी छाती काढली. तिनं माझेही आकडे वाचले, माझ्यातही नख रोवलं. रुतलं नाही. तिनं दुसऱ्या ठिकाणी रोवलं. तिथंही नाही. नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा होत्या, त्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"आत्या, ही गेली. दगड झालाय हिचा."

"तोंड सांभाळ! कोरी हाय ती!" सगुणाबाई म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारीचं आणि माझं एकमत झालं. मला तर संताप आला होता. मी, जिनं एक पाऊल वाट तुडवली नाही, ती म्हातारी? पण दुकानातून निघता निघता विचार केला. वाट तुडवली नाही म्हणून वर्षं थांबली होती का? उन्हानं मला सोडलं होतं का? माझ्या चार बहिणी दुकानाच्या कोपऱ्यात एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या, उताण्या, गुळगुळीत. त्यांच्याकडं बघताना मला पहिल्यांदाच त्यांचा हेवा वाटला. त्यांनी वाट खाल्ली होती.

चारच टायर घेतले. पाचवा पुढं बघू म्हणाले.

नवे टायर मातीत छान चालले. मी मागून माग वाचत होते, नक्षी कशी सुबक उमटत होती! पुंजारामच्या टोपल्या होत्या तिथं परत गेल्या. आता फक्त पोळा राहिला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलानं वर्षभर जू वाहिलेलं असतं, म्हणून त्याचा खांदा हळद-तेलानं मळायचा. सगुणाबाईकडं बैल नाहीत, पण हात शिवशिवतातच. एरवी ती जीपच्या चाकाला एक बोट तेल लावून हौस भागवायची. यंदा चाकं नवी. वाटीभर तेल घेऊन बसली. "ओझं कोण वाहतं? चाकं. मंग खांदा त्योच," असं म्हणत तिनं चारही टायर वरपासून खालपर्यंत, नक्षीच्या खाचाखाचांतून मायेनं मळले. मी दारावरून बघत होते. ओरडायला मला तोंड असतं तर वस्ती गोळा केली असती!

पोळ्याची पहाट. जीपमध्ये झेंडूच्या माळा काठोकाठ, बैलांच्या शिंगांना आणि गळ्यांना घालायच्या. मनीषा चालवत होती. सगुणाबाई मागून काठी टेकत ओढ्यापर्यंत सोडायला आली. दीपक मोटारसायकलवरून नोकरीला निघाला होता, तो ओढ्याशी थांबला. बघायलाच थांबला, दुसरं काय.

जीप ओल्या फरशीवर चढली आणि घसरली. तेल, वाटेत चिकटलेला चिखल आणि शेवाळ, तिघांची गट्टी झाली. मनीषानं ब्रेक दाबून धरला तरी जीप तिरकी होऊन हळूहळू मागं सरकत फरशीच्या काठाकडं जाऊ लागली. मागं मी. माझ्या पाठीखाली ओढ्याचं पाणी दिसायला लागलं.

"दगड लावा! चाकामागं दगड लावा!" मनीषा ओरडली.

दीपकनं मोटारसायकल टाकली आणि पांढऱ्या पॅंटीसकट ओढ्यात उतरला. दगड लावला, तो गोटा निघाला, गरगरत पाण्यात गेला. दुसरा लावला, तोही गेला.

"स्टेपनी काढा!"

"नवीला हात..." सगुणाबाईच्या तोंडून सवयीनं निघालं.

"आत्या, नवी कुठली? दगड झालाय तिचा! दगडच पाहिजे आता!"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मग दीपकवर खेकसली, "बघतो काय? काढ!"

मनीषानं खिडकीतून फेकलेल्या पान्याखाली गंजलेले बोल्ट करकरले. किती वर्षांनी मी दारावरून सुटले! दीपकनं मला मागच्या चाकामागं आडवी सारली, आणि जीपचं, झेंडूचं, मनीषाचं सगळं ओझं माझ्यावर येऊन टेकलं. मऊ असते तर दबले असते, सरकले असते. कडक होते म्हणून थांबले. जीप जागच्या जागी उभी राहिली.

दीपकनं टायरवरून हात फिरवला आणि बोटं नाकाला लावली. "तेल? आई, हे तेल कुणी लावलं?"



"मी लावलं!" सगुणाबाई काठी आपटून म्हणाली. "खांदेमळणी केली. काय म्हणणं हाय तुझं?"

"टायरला तेल लावतं का कुणी? बोललो होतो मी. अडकली की विकायची."

"अडकली कुठं? तेलानं घसरली! चूक माझी, मंग गाडी का विकतो? मला वीक! घेतंय का बघ कुणी!"

दीपकला हसू आलं, ते त्यानं दाबलं. म्हातारी तोवर कलाबाईच्या घराकडं वळलीही होती. ओढ्याकाठी कलाबाईचं घर आहे, तिच्या चुलीतली राख घमेलंभर आली, सोबत काथ्या आला. ज्या हातांनी तेल मळलं त्याच हातांनी सगुणाबाईनं खरकटी कढई घासावी तसे टायर घासले. उरलेली राख फरशीवर पसरली.

"हं, आता जा. आणि जागा सोडू नको!"

मनीषानं चारही चाकांना जोर लावला. माझ्या पाठीवरचं ओझं एकदम हललं, हलकं झालं, गेलं. फरशी चढून, काळा चढ चढून जीप डांबराला लागली. मी फरशीवर पडल्या पडल्या तिला पाठमोरी बघत होते. माझ्याशिवाय ती कशी दिसते ते मला तेव्हा कळलं.

दीपक चढावरचा माग बघत उभा राहिला. नक्षी खणखणीत उमटली होती.  मग ओल्या पॅंटीतच त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि निघाला. जाता जाता म्हणाला, "हिला नेतो संध्याकाळी, इथंच राहू दे."

"तू जा. माझी मी नेते," सगुणाबाई म्हणाली.

तिनं मला उभं केलं. एक हात माझ्या माथ्यावर, एका हातात काठी. आणि तिनं मला ढकललं.

मी चालले! फरशीवरून, पाण्यातून, वस्तीच्या मातीवरून, माझ्या पायांनी. वाट मागं जात नव्हती, समोरून येत होती, एकेक बाभूळ, एकेक बांध. हे असतं होय पुढं! मध्येच धापा टाकत म्हातारी थांबली. तिनं वळून बघितलं, म्हणून मीही बघितलं. ओल्या मातीत तिच्या अनवाणी पावलांशेजारी एक कोरी नक्षी उमटत आली होती. कुठल्या बहिणीची नव्हे, माझी.

"चांगलं चालती की गं," सगुणाबाई म्हणाली. "उगाच टांगून ठेवली तुला."

त्याच आठवड्यात दीपक स्वतः पाचवा नवा टायर घेऊन आला. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. घरात पहिल्यांदाच ठरलं की पाचही टायर आळीपाळीनं खाली लावायचे, कुणाला ठेवणीत ठेवायचं नाही.

आणि मी? मी आता बाजारात असते. माझ्यावर फळी, फळीवर पोतं, पोत्यावर मनीषा. जीपला उशीर झाला तरी जागा मी धरते. पुंजारामनं एकदा टोपली सरकवून बघितली, ती माझ्यावर आपटून परत गेली. पुन्हा त्यानं धाडस केलं नाही. इथं माणसं समोरून येतात. त्यांचे चेहरे बघून मला अजून कुतूहल वाटतं, कोण देवाला निघालंय, कोण बायकोला, कुणी नुसताच भाव विचारून जाणार आहे.

परवा सगुणाबाई आली. हातात हळद-तेलाची वाटी. मनीषा दचकून ओरडली, "आत्या, जीप तिकडं लावलीय, हात लावायचा नाय!"

"जीपला नाय गं," असं म्हणून म्हातारी माझ्यापाशी गुडघे मोडून बसली आणि माझ्या भेगांमधून तेल मळू लागली. "ओझं हिनं वाहिलं. आणि ही कुठं घसरून जाणार हाय?"

नंतर तिनं मला कुंकू लावलं. बैलाला पाचवा खूर नसतो हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. 

बरं, झालं माझं सांगून. तुमच्या घरी पेटीत, फळीवर, दारावर कुणी कोरं पडून असेल, तर त्याला एकदा नख लावून बघा, उशीर व्हायच्या आत वाटेला लावा. आणि आता जरा बाजूला सरा. मागच्यांना फुलं दिसत नाहीत.